कुर्ल्याहून आणलेले मीटर गाडीला बसवताना

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो आहे. तिच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरसाठी काटा नाही, फक्त लाल दिवा आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका जुन्या जर्मन गाडीतून काढलेले व्हीडीओ या जर्मन कंपनीचे तीन मीटर मला मिळाले : ऑइल प्रेशर (० ते १० बार), ऑइलचे तापमान आणि व्होल्टमीटर. मूळ सेन्सर मात्र मिळाले नाहीत. "कोणताही सेन्सर लावा, काटा हलेल," असे दुकानदार म्हणाला. बाजारातले चकचकीत नवे मीटर मला या गाडीत नको आहेत. हे तिन्ही बसवता येतील का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बसवता येतील, आणि कंपनीच्या मीटरचा आपला आग्रह मला मनापासून पटतो, वीस वर्षे ऊन आणि हादरे सोसूनही चालणारा मीटर सहजासहजी दगा देत नाही. मात्र दुकानदाराचा सल्ला कृपया मानू नका. काटा हलेल हे खरे आहे, पण तो कोणत्याही सेन्सरवर हलतो, म्हणूनच चुकीची जोडी ओळखू येत नाही.

मीटर स्वतः दाब मोजत नाही. सेन्सरमधील पडदा ऑइलच्या दाबाने सरकतो, त्यामुळे आतल्या तारेचा रोध बदलतो, आणि त्यातून वाहणाऱ्या करंटप्रमाणे काटा फिरतो. व्हीडीओच्या नेहमीच्या प्रेशर सेन्सरचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम असतो. अमेरिकी पद्धतीचा सेन्सर याच्या उलट, २४० वरून ३३ ओहमपर्यंत खाली येतो. तो लावला तर इंजिन बंद असताना काटा वर जाईल आणि चूक लगेच कळेल. खरी फसगत ० ते ५ बारच्या सेन्सरमुळे होते. त्याचाही रोध १० ते १८० ओहमच असल्याने आपल्या १० बारच्या मीटरवर तो प्रत्यक्षाच्या दुप्पट दाब दाखवील. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण ०.७ बार दाब असावा, असा मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा आहे. म्हणजे ३००० आरपीएमला २ बार हवा. प्रत्यक्षात तिथे १ बारच उरला असेल, तरी काटा बरोबर २ वर उभा राहील आणि आपण निश्चिंतपणे घाट चढत राहाल. म्हणून सेन्सरच्या अंगावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तापमानाच्या सेन्सरचेही तसेच आहे : कूलंटचा सेन्सर ऑइलच्या मीटरला जुळेलच असे नाही.

खरेदी करताना काच तिरकी धरून उजेडात पाहा. आत गाळाची बारीक रेघ किंवा काट्याच्या मुळाशी गंज दिसला, तर तो मीटर पुरात बुडालेल्या गाडीचा समजावा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आपण मुंबईकर विसरलेलो नाही. नंतरच्या पावसाळ्यांतही त्यांत भर पडतच आली आहे.

पुढची परीक्षा घरीच घ्या. लॅमिंग्टन रोडवरून १०, ४७, १०० आणि १८० ओहमचे रेझिस्टर आणा. प्रेशरच्या मीटरला फ्यूजमधून १२ व्होल्ट द्या, सेन्सरच्या जागी एकेक रेझिस्टर जोडा आणि काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. १० ओहमला तो शून्याशी आणि १८० ला शेवटच्या खुणेशी यायला हवा. तापमानाचा सेन्सर त्याच्या मीटरला जोडा आणि तारेने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, फक्त त्याचे टोक बुडेल इतकाच, आणि त्याच्या धातूच्या अंगाला अर्थची वायर लावा. गॅस पेटवल्यावर काटा आधी बराच वेळ जागचा हलत नाही, मग पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले की सावकाश चढू लागतो. आपण समुद्रसपाटीला राहत असल्याने पाणी १०० अंशांना उकळते. त्या क्षणी काटा १०० च्या खुणेवर असेल तर जोडी जमली. याहून स्वस्त आणि खात्रीची चाचणी मला माहीत नाही.

आता बसवण्याविषयी. या इंजिनात लाल दिवा चालवणारा ऑइल प्रेशरचा स्विच फिल्टरच्या हाउसिंगवर एम १० गुणिले १ या आट्यांवर बसतो. बाजारात सर्रास मिळणारे एक अष्टमांश एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे निमुळते) आटे जाडीला जवळपास तेवढेच असतात, त्यामुळे ते पहिले एक-दोन फेरे सहज जातात आणि मग अॅल्युमिनियमचे हाउसिंग कापतात. म्हणून आटे मोजूनच घ्या. मूळ स्विच काढून टाकू नका. काही गाड्यांत तो दाब नसताना जोडलेला असतो, काहींत दाब आल्यावर जोडला जातो. त्यामुळे व्हीडीओच्या दोन टोकांच्या सेन्सरवरील 'डब्ल्यू के' हे धोक्याच्या दिव्याचे टोक त्याची जागा घेईलच असे नाही.

स्विच आणि सेन्सर दोन्ही ठेवण्यासाठी पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून त्यावरच जड सेन्सर चढवण्याची पद्धत आहे. ती मी स्वतः वापरली आणि पस्तावलो. एका गॅरेजने माझ्या गाडीला तसेच करून दिले होते. चार महिन्यांनी एक्सप्रेसवेवर खालापूरच्या अलीकडे इंजिनाच्या थरथरीने पितळेची मान तुटली आणि बॉनेटखालून धूर आला. काटा शून्यावर पडताना मी पाहिला आणि त्याच क्षणी इंजिन बंद केले, एवढ्यावरच इंजिन वाचले. तेव्हापासून मी सेन्सर गाडीच्या बॉडीला पक्का बांधतो आणि इंजिनापासून तिथवर जाळीदार आवरणाचा लवचिक होज देतो. असे केल्यास सेन्सरच्या अंगापासून इंजिनापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढावी लागते, कारण एका वायरचा सेन्सर आपला अर्थ आट्यांतूनच घेतो.

तापमानाचा सेन्सर ऑइल काढण्याच्या बोल्टच्या जागी लावू नका. तिथे तो खाली डोकावतो आणि आपल्या रस्त्यांवर पहिल्याच उंच गतिरोधकाला लागतो. फिल्टर आणि त्याचे हाउसिंग यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट घ्यावी. व्होल्टमीटरला सेन्सरच लागत नाही. इग्निशनची लाइन आणि अर्थ द्या, इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास राहील. आतले बल्ब पार्किंग दिव्याच्या लाइनवर घ्या.

प्रश्न : पूर्ण मीटर कन्सोलच दुसऱ्या गाडीचा बसवला तर ही खटपट वाचेल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : वाचणार नाही. २००० नंतरच्या फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत, ऑक्टाव्हियासह, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) कन्सोलमध्येच असतो. कोडिंग जुळले नाही तर गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. शिवाय कन्सोलबरोबर दुसऱ्या गाडीचे किलोमीटरही येतात. बदल केलाच, तर दोन्ही आकड्यांचा फोटो आणि तारीख सर्व्हिस बुकात ठेवा आणि गाडी विकताना ती नोंद घेणाऱ्याच्या हाती द्या.

आणखी एक गोष्ट, जी दोघांनाही उपयोगी पडेल. कंपनीचा प्रत्येक काटा खरे मोजतोच असे नाही. माझदा एमएक्स-५ मध्ये १९९५ पासून ऑइल प्रेशरचा काटा साध्या स्विचवर चालू लागला. ठरावीक दाब आला की तो मधोमध उभा राहतो. आपल्या ऑक्टाव्हियाचा कूलंटचा काटाही साधारण ७५ ते १०७ अंशांपर्यंत ९० वरच स्थिर राहतो. म्हणून कन्सोल असो वा सुटा मीटर, घेण्यापूर्वी त्याच्यामागे खरा सेन्सर आहे की नुसता स्विच, हे त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशात पाहून घ्या.