नाटकाचे संवाद पाठ होतात, मग धडा का नाही?

सत्र संपायला तीन-चार आठवडे उरले की मुलांच्या अभ्यासाबद्दल सल्ला विचारायला मला येणारे पालकांचे फोन वाढतात. शब्द वेगवेगळे, काळजी एकच. "नाटक, प्रदर्शन, स्पर्धा, सगळं शाळेला याच दिवसांत सुचतं. परीक्षा तोंडावर आली आहे. नाटकातून नाव काढून घेऊ का?"

मी उलट विचारते, नाव काढल्यावर जो वेळ सुटेल त्यात मूल नेमकं काय करणार आहे? उत्तर बहुतेक वेळा एका शब्दाचं असतं : "वाचेल." खरी अडचण या एका शब्दात दडलेली आहे, आणि ती एका मुलीच्या बाबतीत फार स्वच्छ दिसली. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत, आणि पाच बैठकींतलं मोजकंच इथे देते आहे.

मुलगी पंधरा वर्षांची. वह्या पूर्ण, अक्षर सुंदर, पुस्तकात तीन रंगांच्या रेघा. आई सांगत होती, "मॅडम, रोज दोन तास बसते हो. पण पेपर हातात आला की म्हणते, वाचलं होतं, आठवत नाहीये. आणि वर हे नाटक! रोज सव्वा तास तालीम." मुलगी गप्प होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "माझी स्मरणशक्तीच कमी आहे. आई म्हणते ते बरोबर आहे, नाटक सोडते."

पहिल्या दोन बैठकी तिच्या अभ्यासाची रीत समजून घेण्यात गेल्या. धडा चार वेळा वाचायचा, रेघा मारायच्या, उत्तरं वहीतून पुन्हा उतरवायची. पुस्तक एकदाही मिटायचं नाही. तिसऱ्या बैठकीत मी अभ्यास बाजूला ठेवून नाटकाबद्दल विचारलं.

"किती मिनिटांचं आहे?"

"बावीस."

"तुझे संवाद किती?"

"चाळीसेक असतील. पण बाकीच्यांचेही येतात मला. परवा एक जण आला नव्हता, त्याचं कामही मीच केलं."

"संहिता किती वेळा वाचलीस?"

ती थांबली. "वाचली अशी नाही... पहिले दोन दिवस हातात होती. तिसऱ्या दिवशी सरांनी काढूनच घेतली. मग अडायचं. अडलं की प्रॉम्प्टर एक शब्द द्यायचा, फक्त पहिला. मग पुढचं आपोआप यायचं."

"म्हणजे बावीस मिनिटांचं अख्खं नाटक तुला येतं, आणि स्मरणशक्ती कमी आहे?"

ती हसली नाही. बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण नाटकात पुस्तक मिटलेलं असतं ना."

तिने स्वतःच्या तोंडाने जे सांगितलं, ते मी सांगितलं असतं तर त्याला उपदेशाचा वास आला असता. त्या वाक्यानंतर आमचं काम निम्म्याने हलकं झालं. मुलाला उत्तर द्यायच्या आधी, त्याला आधीच जे चांगलं जमतं तिथे ते उत्तर सापडतं का, हे शोधावं, असं मी मानते. इतक्या वर्षांच्या कामात ही रीत क्वचितच फसलेली पाहिली आहे.

लगेच करून बघितलं. तिच्या दप्तरात विज्ञानाचं पुस्तक होतं, धडा पेशीविभाजनाचा. सूत्री विभाजनाचं ते पान तिने चार वेळा वाचलेलं होतं. पुस्तक मिटून माझ्याकडे घेतलं आणि म्हटलं, "मी प्रॉम्प्टर. पडदा उघडला."

"पूर्वावस्था. गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात, म्हणून दिसायला लागतात. केंद्रकाचं आवरण नाहीसं व्हायला लागतं. मग मध्यावस्था. मध्यावस्थेत..." अडली. डोळे माझ्या हातातल्या पुस्तकाकडे. मी दहापर्यंत मनात मोजलं आणि एकच शब्द दिला : "रांग."

"हां! गुणसूत्रं पेशीच्या मध्यभागी एका रांगेत येतात. त्यांना दोन्हीकडून धागे जोडलेले असतात. मग ते धागे ओढतात, म्हणजे पश्चावस्था, गुणसूत्रांचे दोन भाग दोन टोकांना जातात. आणि शेवटी तिथे पुन्हा आवरण तयार होतं. अंत्यावस्था!"

एका शब्दावर तीन अवस्था बाहेर आल्या. माहिती डोक्यात होती, ती बाहेर काढायचा सराव कधी झालेला नव्हता.

यामागचं शास्त्र आता पक्कं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा मात्र वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. रात्री वाचल्यावर "येतंय की सगळं" वाटणं आणि पेपरात कोरं होणं, या दोन्हींचा उलगडा या आकड्यांत होतो.

आईंना मी म्हटलं, "ताई, तालीम हीच हिची सगळ्यात चांगली अभ्यासाची रीत आहे. ती थांबवू नका, धड्यांना लावा."

आता ती कशी लावायची ते सविस्तर सांगते, कारण चुका इथेच होतात.

धडा एकदा नीट, समजून वाचायचा. वाचताना प्रत्येक मुद्द्यासाठी एकच शब्द चिठ्ठीवर लिहायचा. एका धड्याला आठ ते बारा शब्द पुरे. मग पुस्तक मिटायचं, चिठ्ठी प्रॉम्प्टरकडे द्यायची आणि धडा मोठ्याने, आपल्या शब्दांत सांगायचा. प्रॉम्प्टर आई, भाऊ, मैत्रीण कोणीही चालेल, त्याला विषय यायची गरज नाही. कोणी नसेल तर चिठ्ठी पालथी ठेवून अडल्यावर एकेक शब्द उघडायचा. सांगून झालं की पुस्तक उघडून ताडून बघायचं आणि चुकलेलं पेन्सिलीने नोंदवायचं. याला वीस मिनिटं लागतात. हाच धडा एक दिवसाने, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा, दर वेळी कमी शब्दांवर.

बिघडतं कुठे? प्रॉम्प्टर घाई करतो आणि वाक्य सांगून टाकतो. मग आठवण्याचं काम त्याने केलेलं असतं, मुलाने नाही. दहा मोजेपर्यंत गप्प बसायचं, हे प्रॉम्प्टरला आधीच बजावून ठेवा. अडल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर त्रास दिसतो आणि पालकांना राहवत नाही, पण तो त्रासच आठवण घट्ट करतो. दुसरी चूक म्हणजे ताडून न बघणं. चुकीचं तीनदा आत्मविश्वासाने सांगितलं की तेच पक्कं होतं. तिसरी फार मुलांत दिसते : दर वेळी धड्याच्या सुरुवातीपासूनच सुरू करणं. त्यामुळे पहिलं पान पाठ आणि शेवटचं पान कोरं राहतं. तालमीत दिग्दर्शक म्हणतो ना, "आज तिसऱ्या प्रवेशापासून", तसंच धडाही मधूनच उचलायचा.

ही घोकंपट्टी तर नाही ना, असं तिच्या वडिलांनी विचारलं. रास्त प्रश्न. नटांच्या पाठांतरावर हेल्गा नॉइस आणि टोनी नॉइस यांनी बराच अभ्यास केला आहे. नट शब्द घोकत बसत नाहीत. हे पात्र हे वाक्य का बोलतं, त्याला काय हवं आहे, हे ते शोधतात, आणि शब्द त्याला धरून येतात. म्हणून चिठ्ठीतल्या प्रत्येक शब्दासोबत प्रॉम्प्टरने एकदा तरी "का?" विचारावं. गुणसूत्रं रांगेत का येतात? दोन्ही बाजूंना सारखी वाटणी व्हावी म्हणून. हे कळलं की पुढची अवस्था पाठ करावी लागत नाही. गणिताला मात्र ही तालीम चालत नाही. तिथे सोडवलेलं उदाहरण झाकून कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवणं, एवढीच त्याची तालीम.

चौथ्या बैठकीत वेळेचा हिशेब मांडला, कारण "वेळ नाही" ही भावना असते आणि हिशेब कोणी केलेला नसतो. हाताशी २१ दिवस, त्यातले रंगीत तालीम, प्रयोग आणि प्रदर्शनाचे ३ वजा, उरले १८. गणित सोडून धडे ३१. तिने त्यांचे तीन ढीग केले : न बघता सांगता येणारे ९, अडत सांगता येणारे १४, कोरे ८. येणाऱ्यांना एकदाच वीस मिनिटं, म्हणजे ३ तास. अडणाऱ्यांना वीस मिनिटं तीनदा, म्हणजे १४ तास. कोऱ्यांना पहिल्यांदा पन्नास मिनिटं आणि मग दोनदा वीस, म्हणजे १२ तास. एकूण २९ तास, रोजचे साधारण एक तास सदतीस मिनिटं. गणिताची पंचवीस मिनिटं धरली तरी दोन तासांच्या आसपास. तेवढा वेळ ती आधीपासूनच बसत होती. आईंनी तो कागद दोनदा वाचला आणि नाटकाचा विषय पुन्हा काढला नाही.

प्रदर्शनाच्या प्रकल्पाचा अंदाज मात्र तिचा चुकला, तसा सगळ्यांचाच चुकतो. "दोन दिवसांत होईल" म्हणताना मुलं फक्त लिहिण्याचा वेळ धरतात. माहिती शोधणं, आकृत्या, छपाई, चिकटवणं, अनुक्रमणिका, शिक्षकांनी सांगितलेली दुरुस्ती, हे कोणी धरत नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५ च्या वर लागले. म्हणून मुलाने सांगितलेल्या दिवसांची दीडपट धरा आणि शेवटचा दिवस फक्त दुरुस्तीसाठी मोकळा ठेवा.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येते. नाव काढून घ्यावं, अशी वेळ येतच नाही असं मी म्हणणार नाही. तालमी वाढून झोप तुटायला लागली, तर शिक्षकांशी बोलून काम कमी करून घ्या. या वयात रात्री ८ ते १० तासांची झोप लागते, आणि दिवसा केलेली आठवणींची बांधणी झोपेत पक्की होते. झोप कापून वाचलेलं टिकत नाही. पण नाव काढायचं कारण निव्वळ धास्ती असेल, तर थांबा. सुटलेला वेळ पुन्हा रेघा मारण्यातच जातो, आणि "मला दोन्ही जमत नाही" ही समजूत मुलाच्या मनात राहून जाते.

पाचवी बैठक परीक्षेनंतर, उत्तरपत्रिका हातात आल्यावर झाली. हे दिवस बहुतेक घरांत वाया जातात. गुण बघितले, हसलो किंवा रागावलो, पत्रिका कपाटात. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. आकडा दिसला की नजर शेऱ्यावर जातच नाही. म्हणून आम्ही आकडा असलेला कोपरा कागदाने झाकला आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहिलं.

विज्ञानात तिचे १९ गुण गेले होते. त्यातले ५ "आठवलंच नाही" म्हणून, ८ "येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही" म्हणून, ४ आकृतीला नावं न दिल्याने आणि २ "समजलंच नव्हतं" म्हणून. स्मरणशक्तीला दोष देणाऱ्या मुलीने ती यादी बराच वेळ पाहिली. "आठ तर न वाचल्याचे आहेत," ती म्हणाली. 'फरक स्पष्ट करा' असं विचारलेलं असताना तिने दोन्हींच्या व्याख्या लिहिल्या होत्या, दोन ठिकाणी.

पुढच्या चाचणीसाठी तिने दोनच गोष्टी ठरवल्या : प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची आणि आकृती काढून झाली की लगेच नावं द्यायची, शेवटी नाही. जे दोन गुण न समजल्याने गेले होते, ते प्रश्न तिने वेगळ्या कागदावर उतरवले. सुटी लागायला तीन दिवस होते आणि शाळेत शिक्षकांना थोडी उसंत होती. शाळा उघडली की नवा धडा सुरू होतो, जुनी शंका मग कोणी काढत नाही. तो कागद तिने दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला, नाटकाच्या घडी घातलेल्या संहितेशेजारी.