‘शिकवण्याचे दान’: देणारा कोण आणि घेणारा कोण?

एका मराठीच्या शिक्षिकेने विचारले आहे: “शेजारच्या काकू चर्चच्या शब्बाथ शाळेत (दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात) वर्षानुवर्षे मुलांना शिकवत होत्या. त्यांना निरोप देताना जे मानपत्र दिले, त्यात ‘बाईंना शिकवण्याचे दान लाभले आहे’ असे वाक्य होते. दान करतात, दान देतात, हे ठाऊक आहे. पण शिक्षकाला दान ‘लाभते’ कसे? ‘बाईंनी विद्यादान केले’ असे हवे होते ना? की हे इंग्रजीवरून उचललेले वाक्य आहे?”

वाक्य बरोबर आहे. त्याच्या जागी ‘विद्यादान केले’ घातले असते, तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, म्हणायचे होते त्याच्या नेमके उलट झाले असते.

‘विद्यादान’मध्ये शिक्षक दाता असतो. विद्या त्याच्याजवळ आहे, तो ती देतो, पुण्य त्याला लागते. आपल्याकडे दानाची सगळी भाषा अशीच देणाऱ्याच्या बाजूने उभी आहे: अन्नदान, रक्तदान, दानधर्म, दानशूर. ‘शिकवण्याचे दान’ या चर्चमधल्या प्रयोगात मात्र शिक्षकाचा हात खाली आहे, घेणाऱ्याचा आहे. दाता देव, आणि दिलेली वस्तू म्हणजे विद्यासुद्धा नव्हे, तर ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याची शक्ती. मुलांना त्या बाईंनी जे दिले ते पुढचे. मानपत्राला सांगायचे होते ते त्याच्या आधीचे, म्हणजे बाईंना काय मिळाले होते ते.

मराठी बायबलमध्ये यासाठी ‘कृपादान’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’. ‘खारिस’ म्हणजे कृपा, अनुग्रह. तिच्यातून जे हाती येते ते खारिस्मा. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, हा शब्द 17 वेळा येतो. त्यातल्या 16 जागा प्रेषित पौलाच्या नावावरच्या पत्रांत आहेत आणि एक पेत्राच्या पहिल्या पत्रात. रोमकरांना इ. स. 57च्या सुमारास लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल अशा सात दानांची नावे घेतो. संदेश (देवाचा निरोप सांगणे) आणि सेवा यांच्यानंतर तिसरे शिकवणे, त्याला लागूनच बोध करणे. मग दानधर्म, पुढारीपण, दया. सेवा, दानधर्म आणि दया याच यादीत बसवल्या आहेत, याकडे जरूर लक्ष द्या. फळ्यासमोर उभे राहणे आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणे, दोन्ही एकाच हाताने दिलेली. (कॅथलिक परंपरेतली पवित्र आत्म्याची सात दाने वेगळी. ती यशयाच्या अकराव्या अध्यायावरून आली; त्यांत ज्ञान आहे, समज आहे, शिकवणे नाही. दोन्हीकडे सात हा आकडा असल्याने घोटाळा होतो.)

आता हा शब्दशः अनुवाद आहे का? खारिस्माला प्रतिशब्द म्हणून ‘कृपादान’ जुळवला हे खरेच. पण त्याचा साचा मराठीला परका नव्हता. ‘पसायदान’ आठवा. ‘पसाय’ म्हणजे प्राकृतातून आलेला ‘प्रसाद’, आणि प्रसाद म्हणजे प्रसन्न होऊन केलेली कृपा. पसायदान म्हणजे कृपेचे दान. कृपादान आणि पसायदान ही दोन समासांची जोडी मी पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहून पाहिली, तेव्हा बराच वेळ कागदाकडे बघत राहिलो. शिवाय ते मागतो कोण? नऊ हजार ओव्या सांगून झालेला, गीता शिकवून झालेला माणूस. शिकवणाऱ्याने शेवटी पदर पसरला आहे. ‘तोषोनि मज द्यावे’ हे शब्द दात्याचे नाहीत. शेवटच्या ओवीत तर ‘दानपसावो’ आणि ‘येणें वरें’ असे दान, पसाव आणि वर तिन्ही शब्द एकत्र आले आहेत. दोन परंपरांची श्रद्धा एकच आहे असे मला म्हणायचे नाही. पसायदान साऱ्या भूतांसाठी मागितले आहे आणि कृपादान एकेका माणसाला मंडळीसाठी मिळते. पण माणसाने घ्यायचे दान मराठीला 1290 सालापासून ठाऊक आहे, एवढे नक्की.

ख्रिस्ती मराठीतही हे शब्द आजकालचे नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये छापले गेले. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या ओव्यांतच देवाला ‘दातारु’ आणि ‘कृपानिधि’ म्हटले आहे. कृपेचा ठेवा देवाजवळ आणि देणाराही तोच, ही मांडणी चारशे वर्षांपूर्वी ओवीत बसली होती.

बोलण्यातही पाहा. सारीपाटावर ‘मनासारखे दान पडले’ म्हणतो, तेव्हा खेळणारा काही देत नसतो. दान त्याच्या वाट्याला येते. ‘तिला गाता गळा आहे’, ‘त्याला आवाजाची देणगी आहे’ ही वाक्येही ‘तिला शिकवण्याचे दान आहे’ याच घडणीची. म्हणजे व्याकरणाचीही अडचण नाही.

मग सरळ ‘देणगी’च का नको? चालते, आणि अनेक पाळक (चर्चचे पास्टर) उपदेशात तोच शब्द वापरतात. पण लिहिताना देणगीच्या मागे पावतीपुस्तक येते. ‘शिक्षणाची देणगी’ हे शब्द मानपत्रात वाचले, तर बाईंनी शाळेला पैसे दिले असे अर्ध्या लोकांना वाटेल. ‘शिक्षणाचे दान’लाही तोच धोका आहे. म्हणून ‘शिक्षणाचे’ऐवजी ‘शिकवण्याचे’ हे क्रियेचे रूप घेणे मला फार शहाणपणाचे वाटते. मानपत्र ज्याने लिहिले त्याचा कान चांगला आहे.

‘वरदान’ मला पटत नाही. वराच्या मागे आपल्या कथांमध्ये तप असते: एका पायावर उभे राहणे, निराहार राहणे, मग देव प्रसन्न होऊन ‘माग’ म्हणतो. तिथे काहीतरी कमावलेले असते. खारिस्माच्या मुळाशी असलेली कृपा कमावता येत नाही. आपण ‘सत्पात्री दान’ म्हणतो, म्हणजे आधी पात्रता पाहून मग द्यायचे. इथे पात्रता पाहिलेलीच नाही, आणि पौलाचा सारा भर त्यावरच आहे.

‘हातोटी’ही वेगळी. ती सरावाने येते. शाळेत उत्तम गणित शिकवणाऱ्या बाईंना हातोटी आहे असे म्हणू; मंडळीत ‘दान’ म्हणतात ते त्या शिकवण्याने इतरांची श्रद्धा उभी राहते तेव्हा. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अपुल्लोसाची गोष्ट आहे. आलेक्सांद्रियाचा हा माणूस मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा, म्हणजे येशूच्या आधी योहान देत असे तो पश्चात्तापाचा जलविधी, ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. जिभेवर सरस्वती कोणाच्या होती आणि शिकवण्याचे दान कोणाला होते, हे तिथे पुरते वेगळे दिसते.

वर्तमानपत्रांत पुढाऱ्याचा ‘करिश्मा’ असतो, त्याचा या खारिस्माशी नात्याचा संबंध नाही. तो फारसी शब्द. मूळ अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा, मग चमत्कार. इंग्रजीत ‘charisma’ म्हणून गेलेला ग्रीक शब्द आणि आपला फारसी शब्द केवळ कानाला सारखे लागले, म्हणून एकमेकांत मिसळले.

इफिसकरांच्या पत्रातला चौथा अध्याय मात्र तुमच्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याला हात घालतो. तिथे शब्द खारिस्मा नसून ‘दोमा’ आहे, आणि तो आपल्या ‘दा’ धातूचा सख्खा भाऊ. ग्रीक दोमा आणि संस्कृत दान एकाच मुळातून फुटले आहेत. पौल तिथे अडुसष्टाव्या स्तोत्राचा आधार घेतो. स्तोत्रात विजयी राजासारखा वर चढलेला देव माणसांकडून दाने ‘घेतो’. पौलाच्या लेखणीतून तेच वचन उतरते तेव्हा तो माणसांना दाने ‘देतो’. क्रियापद फिरले. आणि ती दाने कोणती? प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक. म्हणजे इथे शिकवणे हे शिक्षकाला मिळालेले दान नाही, तर खुद्द शिक्षक हेच मंडळीला मिळालेले दान आहे. ग्रीकमध्ये ‘पाळक’ आणि ‘शिक्षक’ या दोघांना मिळून एकच उपपद (इंग्रजी ‘the’सारखे) लावले आहे. त्यामुळे ही दोन माणसे की एकाच माणसाची दोन कामे, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. मेंढराला चरायला नेणे आणि शिकवणे यांत फार अंतर नाही.

या शिक्षकाला गुरू का म्हणत नाहीत, हेही त्यातून कळते. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका. तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ भाऊ. याकोबाचे पत्र त्याहून कडक आहे: पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कठोर होईल. दान घेतलेल्याला हिशेब द्यावा लागतो.

तुम्ही मराठी शिकवता, म्हणून क्रियापदांविषयी थोडे. हे दान ‘मिळते’, ‘लाभते’, ‘असते’, ‘वापरतात’. ‘करत’ मात्र नाहीत. आणखी एक क्रियापद मला फार आवडते. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात पौल त्या तरुण सेवकाला कृपादान प्रज्वलित करायला सांगतो. मूळ ग्रीक क्रियापद राखेतला निखारा पुन्हा फुलवण्याचे आहे. काकूंकडे कधी गेलात तर विचारा, इतकी वर्षे दर रविवारी त्या तो कसा फुंकत होत्या.