विरळ हवेत आरव्हीतला गॅस

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. गेल्या जुलैमध्ये आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन कोलोरॅडोला गेलो आणि लेडव्हिलजवळ टर्क्वॉइज लेकच्या काठी, सुमारे ९,९०० फुटांवर, तीन रात्री राहिलो. घरी उत्तम चालणारा फ्रिज तेथे प्रोपेनवर लावला की विझून जाई. शेगडीची ज्योत पिवळी पडे आणि पातेल्यांची बुडे काळी होत. उंचावर गॅसचा दाब कमी पडतो, तेव्हा रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून तो वाढवा, असे शेजारच्या आरव्हीतील गृहस्थांनी सुचवले. तसे करावे का? तिसऱ्या सकाळी आम्हा दोघांचेही डोके दुखत होते, पण ते उंचीमुळे असेल असे समजून आम्ही सोडून दिले.
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटली, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. डोकेदुखी, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे आहेत आणि कार्बन मोनॉक्साइडच्या, म्हणजे गॅस पुरता न जळल्यास तयार होणाऱ्या विषारी वायूच्या, विषबाधेचीही नेमकी हीच आहेत. ज्योत पिवळी आहे, भांड्यांवर काजळी धरते आहे, थंडीमुळे खिडक्या बंद आहेत आणि एकाच वाहनात झोपलेल्या दोघांचेही डोके एकाच सकाळी दुखते आहे, अशा वेळी दोष उंचीला देण्याआधी सर्वांनी तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे, गॅस मुख्य झडपेपाशी बंद करावा आणि आपत्कालीन मदत मागवावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अंदाज नाकाने घेता येत नाही. आपल्या आरव्हीतील कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत संपली आहे का, हे त्याच्या पाठीवरील तारखेवरून आजच पाहावे. जमिनीलगत बसवलेला गॅसगळतीचा अलार्म त्याची जागा घेत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली बसवतात आणि दोन्हींची सोय असलेले एकत्रित यंत्र नसेल, तर तो फक्त प्रोपेनच ओळखतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उंचावर गॅस कमी पडत नाही, हवा कमी पडते. टाकीतील प्रोपेनचा दाब तापमानावर अवलंबून असतो, आणि रेग्युलेटर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका जास्त दाब राखतो, मग आपण समुद्रकिनारी असा किंवा डोंगरावर. दहा हजार फुटांवर मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के उरतो. जेटमधून, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीतून, येणारा गॅसही थोडा घटतो, पण हवेइतका नाही, त्यामुळे मिश्रणात गॅसचे प्रमाण वाढते, तो पुरता जळत नाही आणि काजळी धरते. अशा स्थितीत दाब वाढवणे म्हणजे ज्याला हवा पुरत नाही त्या ज्योतीत आणखी गॅस ओतणे होय. त्या गृहस्थांचा हेतू चांगला असला, तरी सल्ला धोक्याचा होता. आपण तो स्क्रू फिरवला असेल, तर पुढील वापराआधी जाणकार तंत्रज्ञाकडून दाब मोजून घ्यावा, कारण शेगडी, फर्नेस (आरव्ही उबदार ठेवणारे यंत्र), गिझर आणि फ्रिज ही चारही उपकरणे त्याच रेग्युलेटरवर चालतात.

अमेरिकेत रूढ असलेला नियम असा की, उंचावर कायम वापरायच्या उपकरणाची क्षमता दर हजार फुटांमागे ४ टक्के कमी धरावी आणि त्यासाठी लहान छिद्राचे जेट बसवावे. लेडव्हिलला बारमाही राहणाऱ्याला ते योग्यच आहे. वर्षातून तीन रात्रींसाठी मात्र मी ते सुचवणार नाही, कारण ह्यूस्टनला परतल्यावर तेच जेट अपुरे पडेल आणि पुन्हा बदलावे लागेल.

फ्रिजचे दुखणे जरा वेगळे आहे. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. एक लहानशी ज्योत अमोनियाचे द्रावण तापवते आणि त्या उष्णतेवरच सारे थंड होणे चालते. ज्योत अशक्त झाली की थंडावा घटतो, आणि ती विझली की सुरक्षा झडप गॅस तोडते. ५,५०० फुटांच्या वर असे होऊ शकते, म्हणून तेथे फ्रिज विजेवर चालवावा, असे उत्पादकांच्या पुस्तिकेतही सांगितलेले आढळते. त्या भागातील वनखात्याच्या अनेक कॅम्पग्राउंडवर वीज नसते, तेव्हा निघण्यापूर्वी फ्रिजच्या मागची बाहेरची जाळी काढून बर्नर नीट पाहून घ्यावा. धुराड्यातून गळलेले गंजाचे पापुद्रे बर्नरच्या फटींवर पडलेले असतात, आणि कधी नळीच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे सापडते. खाली ह्यूस्टनला एवढा कचरा खपून जातो. वर ज्योत विझायला तो पुरेसा होतो. सफाई तंत्रज्ञाकडून करून घेतली, तर उत्तम. आरव्ही समपातळीत उभी करणेही विसरू नये.

शेगडी पेटवताना छताचा झरोका आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, बाहेर कितीही गारठा असला तरी. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्यासाठी फर्नेस आहे. तिचा पंखा बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली आणि हवा विरळ असली, तर पंख्याच्या झोताने जोडला जाणारा विजेचा स्विच जोडला जात नाही आणि फर्नेस पेटतच नाही. संध्याकाळी बॅटरी भरून घ्यावी.

प्रश्न : रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये मोरेन पार्कला आमचा भात टोपात कच्चा राहिला. आच वाढवून उपयोग होईल का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : नाही. तेथे, सुमारे ८,१०० फुटांवर, पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. आच मोठी केल्याने पाणी अधिक तापत नाही, फक्त लवकर आटते, आणि आरव्हीतला प्राणवायू मात्र अधिक खर्च होतो. कुकर न्यावा. समुद्रसपाटीला त्यात सुमारे १२० अंश मिळतात, तेथे ११६ च्या आसपास मिळतील. तेव्हा भाताला नेहमीपेक्षा एखादी शिट्टी जास्त द्यावी, आणि तूरडाळ करणार असाल तर ती तासभर भिजवून पाच मिनिटे अधिक शिजवावी.