हरलो तर का हरलो, हे कळणारे खेळ

गेल्या अंकात सुटीतील विरंगुळ्याविषयी लिहिताना व्हिडिओ गेमचा विषय एका वाक्यात उरकला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी डावपेचांचे, म्हणजे स्ट्रॅटेजी प्रकारचे गेम आणि तग धरून राहण्याचे, म्हणजे सर्व्हायव्हल प्रकारचे गेम यांविषयीची तीन पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझा नातू बारावीच्या परीक्षेनंतर दिवसाचे कित्येक तास संगणकावर स्ट्रॅटेजी गेम खेळतो. हे बुद्धिबळासारखेच आहे, असे त्याचे म्हणणे. मी शाळेत असल्यापासून बुद्धिबळ खेळत आलो आहे आणि मला पडद्यावर नुसती धावपळ दिसते. यांत खरोखर काही घेण्यासारखे आहे का? असल्यास माझ्या वयाच्या माणसाने ते खेळावेत का?
— निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नातवाची तुलना अगदीच चुकीची नाही, मात्र बुद्धिबळ मुरलेल्या माणसाला हे गेम कोठे परके वाटतील, ते आधी सांगितले पाहिजे. पटावर दोन्ही बाजूंची मोहरी उघडी असतात आणि दोघांची फौज सारखी असते. स्ट्रॅटेजी गेममध्ये बहुधा यातले काहीच नसते. नकाशाचा जो भाग आपण अजून पाहिलेला नाही तो अंधारात असतो, प्रतिपक्षाची फौज कोठे आहे ते टेहळणीशिवाय कळत नाही, आणि हाती असलेले धान्य, लाकूड किंवा सोने कशावर खर्चायचे हे ठरवण्यातच अर्धा डाव जातो. ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. प्रशियाच्या सैन्याने 1824 च्या सुमारास ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता. त्यात नकाशावर ठोकळे मांडले जात आणि कोणत्या बाजूला काय दिसते आहे हे पंच ठरवत असे. आज पंचाचे काम संगणक करतो, एवढेच.

‘सिव्हिलायझेशन’ या 1991 साली निघालेल्या गेमचे कर्ते सिड मायर यांचे एक मत गेमच्या जगात फार प्रसिद्ध आहे. चांगला गेम म्हणजे विचारात पाडणाऱ्या निर्णयांची मालिका, असे ते मत. निर्णय विचारात केव्हा पाडतो? जेव्हा समोरच्या दोन्ही वाटा बऱ्या दिसतात, दोहोंची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत बऱ्याच उशिरा वसूल होते, तेव्हा. ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या गेममध्ये नवे गाव वसवण्यासाठी माणसे पाठवली, की जुन्या शहराची लोकसंख्या लगेच घटते. ती माणसे पाठवली नाहीत, तर चांगली जमीन शेजारच्या राजाच्या घशात जाते. पाठवली आणि सोबत पहारा दिला नाही, तर वाटेत लुटारू गाठतात. नवखा खेळाडू हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागतो आणि त्याचे फळ त्याला तासाभराने कळते. मधल्या काळात पडद्यावर काही विशेष घडत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला तर काहीच दिसत नाही. आपल्याला दिसणारी धावपळ बहुधा पाळीसाठी न थांबता सतत चालणाऱ्या, म्हणजे ‘रिअल टाइम’ प्रकारच्या गेमची असावी. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा त्यातला सर्वांत परिचित गेम 1997 चा आहे. त्यात विचाराइतकीच हाताची चपळाई लागते, आणि ती काही प्रत्येकाला भावत नाही.

बुद्धिबळपटूला मी ‘इनटू द ब्रीच’ हा 2018 मधील छोटा गेम सुचवीन. त्याचा पट आठ गुणिले आठ घरांचाच आहे. आपल्याकडे बहुधा तीन यंत्रे, समोर जमिनीतून वर येणारे महाकाय किडे, आणि मधल्या घरांत माणसांनी भरलेल्या इमारती. येथे प्रतिपक्ष पुढच्या खेपेला कोठे प्रहार करणार हे आधीच दाखवून देतो. समजा, एक किडा डावीकडच्या इमारतीवर तुटून पडणार आहे आणि त्याला मारण्याएवढा जोर आपल्याजवळ नाही. अशा वेळी त्याला एक घर खाली ढकलायचे. त्याची दिशा तीच राहते, पण डाव्या हाताला आता इमारतीऐवजी त्याचाच भाऊबंद उभा असतो आणि घाव त्याच्यावर बसतो. दर खेपेला असे कोडे सुटतेच असे नाही. कधी कोणती इमारत गमवायची हेच ठरवावे लागते. नशिबाचा भाग अगदी थोडा असल्याने हरल्यावर बोट दाखवायला दुसरे कोणी उरत नाही, आणि आपल्यासारख्याला तीच गोष्ट ओळखीची वाटेल.

इतिहासाची आवड असेल, तर ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ हा 2013 चा गेम नातवाकडून पाहून घ्यावा. 1444 ते 1821 हा त्याचा काळ, आणि त्यात मराठ्यांचे राज्यही उभे करता येते. त्यातील प्रत्येक मुलूख किती फौज पोसू शकतो याची मर्यादा ठरलेली आहे. ती ओलांडली, की लढाई न होताही दर महिन्याला सैन्य गळू लागते. इंदुरात पानिपताचा विषय काढताना जरा जपूनच काढावा लागतो, कारण तो निघाला की मल्हाररावांचा विषय निघतोच आणि चहा गार होतो. तरीही एवढे म्हणता येईल, की डिसेंबर 1760 मध्ये रसदीची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर पानिपतच्या छावणीत काय झाले असेल, याची जाणीव पाठ्यपुस्तकातील दोन ओळींपेक्षा या गेममधील आकड्यांनी अधिक होते. रोज थोडी माणसे कमी होत असताना आज लढावे की आणखी वाट पाहावी, हा 14 जानेवारी 1761 च्या आधीचा पेच खेळणाऱ्याला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. बुणगे, म्हणजे फौजेसोबतची न लढणारी माणसे, मात्र या गेममध्ये नाहीत, आणि तेवढा तो इतिहासाला कमी पडतो.

आता कसोटी. नातू डाव हरला, की त्याला सहज विचारून पाहावे, “का हरलास?” त्याने “तिसाव्या खेपेला घोडदळावर सगळे सोने घातले, म्हणून तटबंदी करायची राहिली,” असे काही उत्तर दिले, तर तो विचार करून खेळतो आहे. “गेमच बेकार आहे,” एवढेच उत्तर प्रत्येक वेळी आले, तर एक तर गेम तसा आहे किंवा खेळणारा थकलेला आहे. दोन्ही परिस्थितींत उठलेले बरे. तासांचा हिशेब घरातल्या घरात ठरवावा. झोप, जेवण आणि घरातल्यांशी बोलणे यांवर गदा येऊ लागली, तर गेम कितीही चांगला असला तरी तो आवरायला हवा.

आपल्याविषयी म्हणाल, तर जरूर खेळावे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ज्येष्ठ नागरिकांना ‘राइज ऑफ नेशन्स’ हा स्ट्रॅटेजी गेम सुमारे 23 तास खेळायला शिकवले, आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवणे, थोडा वेळ गोष्टी ध्यानात धरणे यांसारख्या चाचण्यांत त्यांची कामगिरी न खेळणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. खेळणारी माणसे थोडी होती, त्यामुळे याला औषध समजू नये. नातवाशी बोलायला एक विषय मिळेल, हा लाभ मात्र पक्का.

प्रश्न : माझ्या मैत्रिणींना सर्व्हायव्हल गेम फार आवडतात. मी दोन-तीन खेळून पाहिले. सतत लाकडे तोडायची, भूक भागवायची, आणि शेवटी मेलो की सगळे पहिल्यापासून. यात मजा कसली? दुसरे असे, की कठीण चालीआधी गेम सेव्ह करून ठेवणे आणि चाल फसली की मागे जाणे, ही लबाडी आहे का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : तुमची तक्रार कित्येक सर्व्हायव्हल गेमना तंतोतंत लागू पडते. झाड तोडा, त्याची कुऱ्हाड करा, त्या कुऱ्हाडीने आणखी मोठे झाड तोडा, या चक्रात निर्णय कोठेच नसतो. असते ती फक्त मेहनत, आणि मेहनत करायला घरात कामे पुष्कळ असतात. भूक दाखवणारी पट्टी पडद्यावर आहे एवढ्याने गेम चांगला होत नाही. ती पट्टी दुसऱ्या कशाशी तरी भांडली पाहिजे.

हे भांडण या प्रकाराच्या मुळाशी आहे. 1971 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शिक्षकी पेशाचे शिक्षण घेणाऱ्या तिघा विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या वर्गासाठी ‘द ऑरेगन ट्रेल’ हा खेळ लिहिला. त्याला पडदाही नव्हता. टेलिटाइपवर कागदावर छापून येणारा मजकूर वाचायचा आणि उत्तर टंकायचे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या एका कुटुंबाची बैलगाडी ऑरेगनला पोचवायची. जवळचे पैसे बैलांवर खर्चावेत, अन्नावर, काडतुसांवर की कपड्यांवर, हा प्रश्न निघण्याआधीच सोडवावा लागे आणि त्याचे उत्तर थंडी पडल्यावर कळे. एकीकडे वळले की दुसरीकडे कमी पडते. सगळा खेळ त्यात आहे.

कॅनडातील हिवाळ्यात घडणारा ‘द लाँग डार्क’ पाहा. त्यात भुते नाहीत, बंदुकांची आतषबाजी नाही. थंडी, थकवा, तहान आणि भूक ही चार मोजमापे, काही लांडगे, आणि मोजक्या आगकाड्या. बर्फाचे वादळ सुटले आहे, तुम्ही एका पडक्या केबिनमध्ये आहात आणि पिण्याचे पाणी संपले आहे. डब्यात बर्फ वितळवून उकळायचे, तर विस्तव हवा. विस्तवासाठी लाकूड हवे. ते आणायला बाहेर जावे तर अंगातली ऊब जाते, आणि घरातलीच खुर्ची मोडायची, तर त्यात वेळ जातो आणि भूक वाढते. काडी पेटेलच, याचीही खात्री नसते. गेमच्या मुख्य प्रकारात मूळ नियमानुसार माणूस मेला, की सेव्ह केलेला डावही पुसला जातो. हे क्रूर वाटते खरे, पण त्यामुळेच प्रत्येक काडीला वजन येते. मागे जाता येत असते, तर तुम्ही काड्या मोजल्याच नसत्या.

मला स्वतःला या प्रकारातले सर्वांत अधिक गुंतवणारे गेम पोलंडमधील ‘11 बिट स्टुडिओज’ या कंपनीचे वाटतात. ‘फ्रॉस्टपंक’ (2018) मध्ये गोठलेल्या जगात कोळशावर चालणाऱ्या एका भट्टीभोवती वसाहत वसवायची असते. पहिल्या कथेच्या सुरुवातीला 80 माणसे असतात आणि त्यांत मुलेही असतात. हात कमी पडले, की कायद्यांचे पुस्तक उघडते. मुलांना कामाला लावायचे का? शिधा पुरवण्यासाठी जेवणाऐवजी पातळ सूप वाढायचे का? सूप वाढले, की शिधा अधिक दिवस पुरतो आणि लोकांचा असंतोषही वाढतो. आशा संपली किंवा असंतोष टोकाला गेला, की लोक तुम्हाला पायउतार करतात. बऱ्याच जणांना अखेरीस लक्षात येते, की शहर वाचले, पण आपण सही केलेला प्रत्येक कायदा त्या-त्या दिवशी अपरिहार्य वाटला होता. याच कंपनीचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (2014) हा 1992 ते 1996 या काळातील सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात सैनिकाऐवजी अडकलेले नागरिक तुमच्या हाती असतात. रात्री औषधे शोधायला निघालेला माणूस एका वृद्ध जोडप्याच्या घरात शिरू शकतो. ते दोघे प्रतिकार करू शकत नाहीत. चोरी केली, तर औषधे मिळतात आणि घरातली माणसे खचू लागतात. 2020 मध्ये पोलंडच्या सरकारने हा गेम शाळांच्या पूरक यादीत घेत असल्याचे जाहीर केले. तो लहान मुलांसाठी नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता सेव्ह करण्याविषयी. एकट्याने खेळत असाल, तर लबाडी कोणाशी? प्रश्न तुम्ही काय गमावता याचा आहे. ‘एक्सकॉम’ मालिकेत गोळी लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात आणि 85 टक्के असतानाही गोळी चुकली, की खेळाडू चिडून मागचा डाव उघडतो. गंमत अशी, की तेथे सहसा त्याच क्रमाने त्याच चाली केल्या तर निकालही तोच येतो. दैव बदलायचे, तर आधी चाल बदलावी लागते. नियम समजेपर्यंत खुशाल मागे जा. ते समजल्यावर मात्र ‘आयर्नमॅन’ म्हणतात तो पर्याय निवडून बघा. त्यात जुन्या डावाकडे परतता येत नाही, आणि 85 टक्क्यांचा अर्थ शंभर टक्के होत नाही हे पहिल्यांदा नीट समजते. मग गोळी चुकली तर काय करायचे, हे चालीआधीच ठरवून ठेवायची सवय लागते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. घरी जुना लॅपटॉप आहे आणि गेमवर पैसे खर्च करण्याची इच्छा नाही. आठवी-नववीच्या मुलांना दाखवण्याजोगे काही आहे का?
— एक शिक्षिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आहे. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा 2003 पासून स्वयंसेवकांनी वाढवत आणलेला गेम पूर्णपणे मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो. षटकोनी घरांच्या नकाशावर पाळीपाळीने चाली करायच्या. काही योद्धे दिवसा 25 टक्के अधिक जोराने लढतात आणि रात्री तेवढेच दुबळे होतात, काहींचे नेमके उलटे. त्यामुळे संध्याकाळ झाली की पुढे जायचे की टेकडी धरून बसायचे, यावर मुले आपोआप वाद घालू लागतात. एका लढाईत तयार झालेला अनुभवी शिपाई पुढच्या लढाईत बोलावता येतो आणि मेला तर कायमचा जातो. वर्गात दोन गट करून प्रत्येक चालीआधी कारण सांगायला लावले, तर तासिका पुरत नाही.

मोबाइलच हाताशी असेल, तर ‘युनसिव्ह’ हा सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचा मोफत गेम अँड्रॉइडवर मिळतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. मौर्यांची फौज पाहायची असेल, तर ‘झीरो ए. डी.’ हाही मोफत आहे, पण त्याला थोडा बरा संगणक लागतो.

मोबाइलवर स्ट्रॅटेजी या नावाखाली मिळणाऱ्या कित्येक गेममध्ये इमारत बांधायला आठ तास लागतात आणि पैसे भरले की ती क्षणात उभी राहते. त्यांत हरण्याचे कारण एकच, पैसे कमी भरले. तेव्हा मुलांपुढे ते ठेवू नयेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे. वेस्नॉथ त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा, आणि पहिल्या दिवशी त्यातील शिकवणीचा छोटा भाग मुलांआधी स्वतः खेळून पाहावा.