पोलार्ड म्हणजे बोडका

प्रश्न असा आहे की मुंबई इंडियन्सच्या कायरन पोलार्डमुळे हे आडनाव ओळखीचं झालं, पण इंग्लंडवरच्या एका लेखात 'पोलार्ड केलेली झाडं' असं वाचलं, तर झाडाचा आणि आडनावाचा काय संबंध?

संबंध आहे आणि तो डोक्याचा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत पोल म्हणजे डोकं. इलेक्शनचा पोल तोच, म्हणजे डोकी मोजणं, पोल टॅक्सला तर आपल्याकडे डोईपट्टी हा अगदी चपखल शब्द आहेच, आणि टॅडपोल म्हणजे बेडकाचं पिल्लू, त्यातलाही पोल हाच. त्याला ड्रंकर्ड, कावर्डमधला अर्ड हा प्रत्यय लागला की झालं पोलार्ड.

झाडाचं म्हणाल तर गायरानात झाड बुंध्याशी तोडलं की नवे कोंब गुरं खाऊन टाकतात, म्हणून तिकडचे लोक गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, साधारण दोन-तीन मीटरवर, शेंडा छाटायचे, मग काही वर्षांनी परत तिथेच, असं करत करत त्या जागी मुठीसारख्या गाठी येतात आणि त्यातून बारीक फांद्यांचा झुबका फुटतो. लंडनजवळच्या बर्नहॅम बीचेस या जंगलात बीच जातीची अशी शेकडो वर्षांची झाडं अजून उभी आहेत, आणि एपिंग फॉरेस्टमधला फांद्या तोडायचा गावकऱ्यांचा हक्क १८७८ च्या कायद्यानंतर संपला तेव्हापासून तिथल्या पोलार्ड झाडांचे माथे नुसते जड होत गेलेत. कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडलेली ऐन-किंजळाची झाडं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे चित्र लगेच कळेल.

शिंगं नसलेल्या जनावरालाही पोलार्ड म्हणतात. ऑस्ट्रेलियात गुरांना घालायच्या बारीक कोंड्यालाही हेच नाव आहे. आडनाव मात्र मोठ्या डोक्याच्या किंवा केस भादरलेल्या माणसाला पडलेल्या टोपणनावावरून आलं असं बहुतेक जण मानतात, पॉल या नावाशीही काहीजण ते जोडतात, मला पहिलंच जास्त पटतं.

मराठीत एकच शब्द द्यायचा तर मी बोडका देईन. भुंडा जनावरापुरता ठीक आहे, छाटलेला म्हटलं तर नुसती क्रिया कळते, पण बोडकं झाड, बोडका डोंगर, बोडकं डोकं हे सगळं आपण रोज सहज बोलतो, आणि गंमत म्हणजे बोडके हे आडनावही आपल्याकडे आहेच.