दोन जिवांचं नंतर, आधी दोन चमचे पाणी

प्रश्न: ताई, मी इचलकरंजीची, मला नववा आठवडा चालू आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत मळमळतं, दिवसाला पाच-सहा उलट्या होतात, फोडणीचा वास आला की संपलंच. ग्लासभर पाणी प्यायलं तर तेही बाहेर. वजन 52 होतं ते 50.5 झालंय. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, तूप लावलेली गरम भाकरी पुढ्यात ठेवतात आणि मला ताट बघूनच कसंतरी होतं. बाळाची उपासमार होतेय का? आणि घरात सगळे म्हणतात हे मनाचे खेळ आहेत, खरंय का?

उत्तर: शेवटचं आधी घेते कारण ते ऐकलं की माझंच डोकं फिरतं. मनाचे खेळ वगैरे काही नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये यावर संशोधन आलंय. जीडीएफ-15 नावाचं एक हार्मोन आहे, ते वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूत जिथून मळमळ सुरू होते तिथे जाऊन धडकतं. जिच्या रक्तात दिवस जायच्या आधी ते कमी असतं तिला ते वाढल्यावर जास्त त्रास होतो, आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, ज्या बायकांच्यात ते आधीपासूनच भरपूर असतं त्यांना मळमळ फारशी होतच नाही. म्हणजे तिखटासारखंच, तुमच्याकडचा तांबडा रस्सा तुम्हाला काहीच नाही आणि पाहुण्याच्या डोळ्यातनं पाणी!

बाळाची काळजी सध्या नको. नवव्या आठवड्यात ते द्राक्षाएवढं असतं, पहिल्या तीन महिन्यात जास्तीच्या कॅलरी लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. सासूबाईंना सांगा, दोन जिवांचं चौथ्या महिन्यानंतर बघू. आत्ता खरी भीती आहे ती अंगातलं पाणी कमी होण्याची.

ग्लास तोंडाला लावूच नका. रिकामं, चिडलेलं पोट एकदम ताणलं की ते सगळं परत पाठवतं. उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दर पाच मिनिटांनी दोन छोटे, पाच-पाच मिलीचे चमचे, बस्स. हे फार कमी वाटतं पण तासाला 120 मिली होतं आणि बारा तासात जवळजवळ दीड लिटर. नुसतं पाणी नको वाटलं तर ओआरएस घ्या, आतड्यात साखर आणि मीठ एकाच दारातून बरोबर आत जातात आणि मागून पाणी ओढून नेतात, म्हणून ते साध्या पाण्यापेक्षा लवकर लागू पडतं. फक्त एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अंदाजाने अर्धं पाकीट पेल्यात असलं काही नको. त्याचे बर्फाचे खडे करून चोखले तरी चालतं, काहीजणींना तेवढंच टिकतं.

खाण्याचं म्हणाल तर पोट पूर्ण रिकामं ठेवू नका, त्याने मळमळ वाढते. उशाशी डब्यात कुरमुरे नाहीतर खारी बिस्किटं ठेवा, अंथरुणातच चार घास खा आणि मग हळू उठा. गरम जेवणाला वास जास्त, म्हणून तीच भाकरी गार झाल्यावर थोडी ताकात कुस्करून बघा. फुटाणे, दही, उकडलेलं अंडं, जे जाईल ते, प्रोटीन पोटात असलं की मळमळ जरा दबते. फोडणी घालताना तुम्ही दुसऱ्या खोलीत, आणि नवऱ्याला येत असेल तर फोडणी त्यानेच घालावी, शिकायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. सुंठीचाही थोडा उपयोग होतो, दिवसभरात मिळून एक ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा चमचा, पण छातीत जळजळलं तर बंद करा. उलटीनंतर लगेच ब्रश नको, ॲसिडने दात मऊ झालेले असतात, नुसती चूळ भरा.

तरीपण पाच-सहा उलट्या म्हणजे थोडं नाही, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. डॉक्सिलामाइन आणि बी-6 ची गोळी यासाठी बरीच वर्षं वापरात आहे, ती त्यांनी दिली तर घाबरू नका. आणि काटा 49.4 च्या खाली गेला म्हणजे 5 टक्के वजन उतरलं, किंवा चोवीस तास काहीच टिकलं नाही, लघवी गडद झाली नाहीतर आठ तास झालीच नाही, उभं राहिल्यावर चक्कर, उलटीत रक्त, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. दोन-तीन आठवडे पोटात काही टिकलेलं नसेल तर सलाईन लावताना थायमिनचं, म्हणजे बी-1 चं, नक्की विचारा, कारण ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका होऊ शकतो.

प्रश्न: दुसरा महिना चालू आहे, लोहाच्या गोळीने मळमळ वाढते, बंद करू का? (नागपूर)

उत्तर: डॉक्टरांना विचारून करा. सरकारी कार्यक्रमातसुद्धा पहिल्या तीन महिन्यात फक्त फॉलिक ॲसिड असतं, लोह चौथ्या महिन्यापासून, त्यामुळे हिमोग्लोबिन बरं असेल तर बहुतेक डॉक्टर थांबू देतात. कमी असेल तर रात्री झोपताना घेऊन बघा, चहाबरोबर मात्र नको. फॉलिक ॲसिडची ती छोटी गोळी काही झालं तरी सोडू नका.