शाळेत रेंज नाही, मग इंटरनेट शिकवायला कसं वापरायचं?

प्रश्न : आमची जिल्हा परिषद शाळा झरी-जामणी तालुक्यात आहे. रेंज फक्त गावाबाहेर मिळते. एक लॅपटॉप आणि सहा टॅब धूळ खात पडलेत. काय करता येईल?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, वर्गात इंटरनेट लागतंच असं नाही. तालुक्याला गेलात की हवं ते उतरवून आणा.

लॅपटॉपवर 'किविक्स' हे नेटशिवाय विकिपीडिया वाचता येणारं मोफत ॲप टाका आणि त्यातूनच मराठी विकिपीडियाची 'झिम' फाइल घ्या, म्हणजे अख्खा विकिपीडिया एकाच फाइलमध्ये. चित्रांविना घेतली तर आकार बराच कमी होतो. पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल, तर पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो 'फॅट३२' या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात एवढी मोठी फाइल बसत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे ठेवून 'एक्सफॅट' या नव्या पद्धतीने फॉरमॅट करा.

लॅपटॉपवरचा विकिपीडिया टॅबवर दिसावा म्हणून आता टॅब जोडायचे. विंडोजचा हॉटस्पॉट नेटशिवाय सहसा सुरूच होत नाही, आणि बहुतेक जण इथंच हात टेकतात. त्याऐवजी फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवून हॉटस्पॉट लावा. लॅपटॉप आणि टॅब दोन्ही त्याला जोडा. किविक्समध्ये लोकल सर्व्हर (लॅपटॉपवरची पानं टॅबला पुरवणारी सोय) सुरू केला की एक पत्ता दिसतो, तो टॅबच्या ब्राउझरमध्ये टाइप करा. पान उघडलं नाही तर लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये (बाहेरची जोडणी अडवणाऱ्या सुरक्षेत) किविक्सला परवानगी द्या.

विज्ञानासाठी कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट'चे, पडद्यावरच करून बघायचे प्रयोग उतरवून ठेवा. बरेच मराठीत आहेत. विद्युत परिपथापासून सुरुवात करा, पोरं टॅब सोडत नाहीत!

लाइनचा भरवसा नसतोच, म्हणून चार्जिंग आदल्या दिवशीच उरकून घ्या.